रुग्णसेवेतील दोन हात : औषधनिर्माता आणि परिचारिका

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग नोंदलेला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडून आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याने इतरांसाठी कधी काही केले नव्हते, म्हणून इतर भिक्खूही त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आणि आनंद विहारात फेरी मारत असताना ही गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली. तथागतांनी आनंदाला पाणी आणण्यास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्या भिक्खूचे अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवले. त्यानंतर भिक्खूसंघाला एकत्र बोलावून तथागतांनी समजावले की, घरदार सोडून आलेल्या भिक्खूंना आईबाप जवळ नाहीत, तेव्हा त्यांनी एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे; रोग्याची सेवा हीच बुद्धाची सेवा समजावी.

हा प्रसंग आपण धम्मप्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो आणि त्यातील करुणेवर बोलतो. ते योग्यच आहे. परंतु त्यातील आणखी एका गोष्टीकडे आमचे लक्ष वेधले जाते. साक्षात तथागतांनीही हे काम एकट्याने केले नाही. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने धुतले. एकाने डोके धरले, दुसऱ्याने पाय धरले. आजारी माणूस एका हाताने उचलला जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही आजच्या दवाखान्यातील अशाच दोन हातांचा विचार करणार आहोत. पहिला हात औषध देणाऱ्याचा, म्हणजे औषधनिर्मात्याचा आणि दुसरा हात ते औषध रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचवणाऱ्या परिचारिकेचा.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण

याच प्रकरणात, रोग्याची सेवा करण्यास कोण लायक, हे सांगताना तथागतांनी पाच गुण मोजून दाखवले आहेत. त्यांचा आशय आमच्या शब्दांत असा :

१) त्याला औषध तयार करता येते, त्याची योजना करता येते.

२) रोग्याला काय मानवते आणि काय बाधते हे त्याला कळते, बाधणारे तो दूर ठेवतो, मानवणारे जवळ आणतो.

३) तो लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा करतो.

४) मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस येत नाही.

५) वेळोवेळी धम्माच्या चार गोष्टी सांगून तो रोग्याचे मन उभारी धरेल असे करतो.

विद्यार्थ्यांनी हा क्रम नीट पाहावा. पहिला गुण औषधाच्या ज्ञानाचा आहे. चौथा आणि पाचवा गुण खाटेजवळच्या सेवेचा आहे. दुसरा आणि तिसरा गुण दोहोंना लागू पडतो. भगवंतांनी हे पाचही गुण एकाच माणसाच्या ठिकाणी अपेक्षिले. ज्याला औषध कळते पण घाण काढण्याची किळस येते, तो अपुरा. ज्याच्या मनात माया आहे पण औषध कळत नाही, तोही अपुरा.

भिक्खूसंघात ज्ञान आणि सेवा एका हाती राहू शकत होती, कारण औषधे मोजकी होती. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही तर पाच प्रमुख औषधे. तीही सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत असा नियम होता. आज एका उपजिल्हा रुग्णालयाच्या भांडारात शेकडो प्रकारच्या गोळ्या, इंजेक्शने, सलाईन आणि लसी असतात. एका माणसाला सर्व येणे शक्य नाही. म्हणून काम वाटले गेले. आपल्या देशात कायद्यानेही ही दोन कामे लागोपाठच्या वर्षांत वेगवेगळी नोंदवली. परिचारिकांच्या शिक्षणासाठी १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा आला आणि औषधनिर्मात्यांसाठी १९४८ चा औषधशास्त्र कायदा. (परिचर्येच्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा कायदा संमत केला आहे.)

काम वाटले गेले यात गैर काही नाही. परंतु ज्या पाच गुणांनी मिळून रोगी बरा व्हायचा, ते आता दोन ठिकाणी विभागले गेले आहेत. एक ठिकाण औषधाच्या खिडकीमागे, दुसरे वॉर्डात. या दोन ठिकाणांमध्ये बोलणे राहिले नाही, तर पाच गुण दवाखान्यात असूनही रोग्याच्या वाट्याला येत नाहीत. आमच्या या लेखाचे सार एवढेच आहे.

खिडकीपासून खाटेपर्यंत

डॉक्टर केसपेपरवर औषध लिहितात. औषधनिर्माण अधिकारी ते भांडारातून काढून देतात. अधिपरिचारिका ते मोजून, मिसळून, वेळेवर रुग्णाला देतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम परिचर्येच्या विद्यार्थिनींना पहिल्या वर्षापासून शिकवले जातात. आता या वाटेवर दोघांचा समन्वय कोठे लागतो, याची चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण इन्शुलिनचे. मधुमेह आता शहरी श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही, आपल्या वस्त्यांतूनही तो घरोघर आहे. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या प्रामुख्याने दर मिलिलिटरला ४० युनिट शक्तीच्या मिळतात. काही कुप्या आणि पेनमधील औषध मात्र १०० युनिट शक्तीचे असते. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या असतात. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. समजा, रुग्णाला २० युनिट द्यायचे आहेत. १०० शक्तीच्या कुपीतून औषध घेतले आणि सिरिंज मात्र ४० ची वापरली, तर २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरते, म्हणजे ५० युनिट जातात. रुग्णाची साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. उलट ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज असेल, तर २० ऐवजी ८ युनिटच जातात. कुपी देताना औषधनिर्मात्याने सिरिंज कोणती हे पाहिले आणि टोचताना परिचारिकेने कुपीवरील आकडा वाचला, तर हा घोटाळा दोन ठिकाणी अडतो. दोघांनीही, समोरच्याने पाहिले असेल असे गृहीत धरले, तर तो कोठेच अडत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या गडहिंग्लज परिसराचे. हिरण्यकेशीच्या काठचा ऊस, भाताची खाचरे, आजरा आणि चंदगडकडचे जंगल. या भागात सर्पदंशाचे रुग्ण येणारच, आणि तेही बहुधा पावसाळ्यात, रात्री-अपरात्री. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी एकच प्रतिविषाची लस आपल्याकडे वापरतात. मुंबईची हाफकिन संस्था या लसीसाठी प्रसिद्ध आहे. लस भुकटीच्या रूपात असते. प्रत्येक कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती विरघळवावी लागते आणि सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. बारक्या पोराला चावला तरी मात्रा मोठ्या माणसाएवढीच, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते. कुपी जोरजोराने हलवली तर फेस होतो, म्हणून ती हळुवार फिरवावी लागते. या लसीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवावे लागते.

आता विचार करा. रात्री दोन वाजता रुग्ण आला, कुप्या भांडारात आहेत, भांडाराला कुलूप आहे आणि किल्ली असलेला माणूस घरी आहे. अशा वेळी कोणाचेही पुण्य रुग्णाच्या कामी येत नाही. संध्याकाळी भांडार बंद करण्यापूर्वी औषधनिर्मात्याने अपघात विभागात पुरेशा कुप्या ठेवल्या, परिचारिकेने त्या मोजून वहीत सही केली आणि सकाळी वापरलेल्या कुप्यांचा हिशेब परत भांडाराकडे गेला, तरच रात्रीचा जीव वाचतो. ऑनलाईन साठानोंदीत लस शिल्लक दिसणे आणि खाटेजवळ लस असणे यांत हेच अंतर आहे.

तिसरे उदाहरण सलाईनमधून द्यावयाच्या औषधांचे. फिट्सवरील फेनिटॉइन हे औषध ग्लुकोजच्या सलाईनमध्ये घातले तर त्याचा साका बसतो, ते साध्या मिठाच्या सलाईनमधूनच द्यावे लागते. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळत नाहीत, कारण त्या सलाईनमध्ये कॅल्शियम असते. पोटॅशियम क्लोराईडची छोटी कुपी दिसायला निर्जंतुक पाण्याच्या कुपीसारखी असू शकते, पण ती विरळ न करता थेट शिरेत सोडली तर हृदय थांबते. म्हणून पोटॅशियमच्या कुप्या वॉर्डाच्या ट्रेमध्ये इतर कुप्यांबरोबर ठेवायच्याच नाहीत, वेगळ्या कप्प्यात ठळक चिठ्ठी लावून ठेवायच्या, असा दंडक चांगल्या रुग्णालयांतून पाळला जातो. नाकातील नळीवाटे औषध द्यायचे असेल तर गोळी कुटून द्यावी लागते. परंतु हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराची मात्रा एकदम पोटात जाते. कोणती गोळी कुटायची नाही हे औषधनिर्मात्याला माहीत असते. रुग्णाला नळी घातली आहे हे परिचारिकेला माहीत असते. अर्धे ज्ञान एकाकडे आणि अर्धे दुसऱ्याकडे. जोडले तरच ते पूर्ण होते.

चौथे उदाहरण प्राथमिक आरोग्य केंद्राचे. लहान मुलांच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिल्या पाहिजेत. काही लसी उष्णतेने बिघडतात, तर पेंटाव्हॅलेंटसारख्या लसी गोठल्या तरी निकामी होतात. केंद्रातील शीतपेटीच्या तापमानाची नोंद आणि साठा एकाकडे असतो, तर थंड पेटी खांद्याला लावून वाडीवस्तीवर जाते ती आरोग्य सेविका. केंद्रात जपलेली लस वाटेत बिघडली काय किंवा वाटेत जपलेली लस केंद्रातच बिघडलेली असली काय, टोचल्याचे समाधान मिळते, संरक्षण मिळत नाही. येथेही साखळी दोघांची आहे.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. आमच्याकडे एकाने व्हाउचर तयार करायचे आणि दुसऱ्याने तपासून पास करायचे, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायच्या, हा नित्याचा रिवाज आहे. त्यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही. माणूस कितीही हुशार असला तरी दिवसाच्या शंभराव्या व्हाउचरवर त्याचा डोळा चुकू शकतो, हे गृहीत धरूनच ही पद्धत बसवलेली आहे. पैशाची एवढी काळजी घेतली जाते, तर प्राणाची किती घेतली पाहिजे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली, औषधांमुळे होणारी इजा टाळणे, ही जगभरच्या आरोग्यसेवेपुढील मोहीम म्हणून जाहीर केली, ती याच कारणाने.

वार्ता उलट दिशेनेही गेली पाहिजे

औषध भांडारातून खाटेकडे जाते, पण त्या औषधाने काय केले ही वार्ता खाटेकडून भांडाराकडे आली पाहिजे. महाराष्ट्राने याचा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यातील व मेंदूतील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल देण्यात आले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंतच्या साऱ्या व्यवस्थेवर ताशेरे ओढले. एवढे होऊनही हे विष संपले नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातील याच रसायनाने लहान मुलांचे बळी घेतले. त्यांतील अनेक मुले उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली गेली होती.

अशा विषाची पहिली खूण कोठे दिसते? लघवी कमी होते. आणि चोवीस तासांची लघवी मोजून तक्त्यावर लिहिणारी व्यक्ती कोण? परिचारिका. तीन खाटांवर एकाच वेळी लघवी कमी झाली, हे तिला सर्वांत आधी दिसू शकते. त्या तिन्ही खाटांना कोणत्या तुकडीची बाटली गेली, हे औषधनिर्मात्याला वहीत सापडू शकते. ही दोन टिपणे एकमेकांना भेटली तर उरलेल्या बाटल्या त्याच दिवशी बाजूला काढता येतात. न भेटली तर दोन्ही टिपणे आपापल्या जागी बिनचूक राहतात आणि माणसे जातात. २०१० साली सुरू झालेल्या भारताच्या औषधसतर्कता कार्यक्रमात औषधाचा अपाय डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका, औषधनिर्माता किंवा स्वतः रुग्णही कळवू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. आमच्या वाचकांनी तो टिपून ठेवावा.

उतरंड हाच खरा रोग

मग हे बोलणे होत का नाही? कामाचा ताण, रिकामी पदे, रुग्णांची गर्दी ही कारणे खरी आहेत आणि ती शासनाने दूर केलीच पाहिजेत. परंतु आमच्या मते आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या समाजाच्या हाडीमाशी खिळलेले आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलना'च्या ग्रंथात दाखवून दिले की, कामे वाटून घेणे ही एक गोष्ट आणि कामे करणारी माणसे एकावर एक रचून कायमची अलग करणे ही दुसरी गोष्ट. दवाखानाही या देशातच असतो. टेबलामागे बसून करायचे काम वरचे आणि मलमूत्राला हात लावायचे काम खालचे, ही समजूत पांढऱ्या कपड्याच्या आतही शिल्लक राहते. 'सिस्टरने मला विचारायचे कारण काय' आणि 'कंपाउंडरने मला सांगायचे कारण काय' ही दोन वाक्ये ज्या दवाखान्यात ऐकू येतात, तेथे औषध असूनही रुग्ण सुरक्षित नाही.

घाण काढण्याचे काम आमच्या पूर्वजांवर जन्माने लादले गेले आणि त्यासाठीच त्यांना हीन ठरवले गेले. तथागतांनी तेच काम स्वतःच्या हातांनी केले आणि त्याला गुणांच्या यादीत औषधज्ञानाच्या शेजारी बसवले. फरक येथे आहे. लादलेले काम गुलामी असते. ज्ञानाने, स्वेच्छेने आणि सन्मानाने केलेले तेच काम सेवा असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानातील दवाखान्यांतून अस्पृश्यांना समतेने वागवण्याचे हुकूम काढले, तेव्हा त्यांनी हीच उतरंड मोडायला घेतली होती. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांना आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले, त्यांची शुश्रूषा केली आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. तेथे मुलाचे औषध आणि आईची शुश्रूषा यांत वरचे-खालचे काही नव्हते.

रुग्णाचे आणि घरच्यांचे कर्तव्य

सेवा करणाऱ्याचे गुण सांगणाऱ्या तथागतांनी रोग्याचेही गुण सांगितले आहेत. त्याने पथ्य पाळावे, मानवणाऱ्या गोष्टीतही प्रमाण ठेवावे, औषध घ्यावे, दुखणे वाढले की कमी झाले हे लपवू नये आणि वेदना सोसण्याचे धैर्य ठेवावे. आजच्या भाषेत याचा अर्थ असा :

१) दवाखान्यात जाताना घरी चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. बेळगावच्या डॉक्टरांचे, कोल्हापूरच्या डॉक्टरांचे आणि गावठी वैद्याचे, सर्व दाखवावे.

२) कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ आले किंवा दम लागला असेल तर ते खिडकीवरही सांगावे आणि वॉर्डातही सांगावे.

३) औषध घेताना चार प्रश्न विचारावेत. हे कशासाठी? केव्हा, जेवणाआधी की नंतर? किती दिवस? काय झाले तर बंद करून परत यावे? २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनुसार रुग्णाला ही माहिती समजावून देणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्यच आहे.

४) सीमाभागातील कानडी बोलणाऱ्या आयाबहिणींना मराठी चिठ्ठी कळली नाही तर शेजाऱ्याने ती समजावून द्यावी. न कळलेली चिठ्ठी ही कोरीच चिठ्ठी असते.

५) घरी जाण्याची परवानगी मिळाल्यावर जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू आणि कोणत्या बंद हे विचारल्याखेरीज दवाखान्याची पायरी उतरू नये.

विद्यार्थ्यांसाठी

आपल्या समाजातील मुलामुलींनी या दोन्ही व्यवसायांकडे डोळसपणे पाहावे असे आम्हांस वाटते. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची व त्यानंतर प्रत्यक्ष प्रशिक्षण, पदवी चार वर्षांची आणि फार्म. डी. सहा वर्षांची असते. परिचर्येत ए. एन. एम. दोन वर्षे, जी. एन. एम. तीन वर्षे आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षे असा क्रम आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला संबंधित परिषदेची मान्यता आहे की नाही हे स्वतः तपासावे, नुसत्या जाहिरातीवर विसंबू नये. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरावा. आणि परिचर्या हे फक्त मुलींचे काम, ही समजूत मुलांनी सोडून द्यावी. अंग धुणारा आनंद पुरुषच होता.

औषधनिर्माता होणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी वॉर्डात जाऊन आपले औषध कसे वापरले जाते ते पाहावे. परिचारिका होणारीने शंका आली की खिडकीवर जाऊन विचारण्याचा संकोच करू नये. विचारणारा लहान होत नाही आणि सांगणारा मोठा होत नाही. दोघेही एकाच खाटेचे दोन आधार आहेत, आणि त्या खाटेवर उद्या आपल्यापैकीच कोणी असणार आहे.

मनन करण्यासाठी प्रश्न

१) शुश्रूषा करणाऱ्याच्या पाच गुणांपैकी कोणते गुण औषधनिर्मात्याला, कोणते परिचारिकेला आणि कोणते दोघांनाही लागू पडतात? कारणे द्या.

२) ४० ची सिरिंज आणि १०० शक्तीचे इन्शुलिन असता ३० च्या रेघेपर्यंत किती युनिट जातील? हिशेब मांडा.

३) रात्रीच्या सर्पदंशाच्या रुग्णासाठी संध्याकाळी कोणती तयारी हवी? कोणाची जबाबदारी कोणती?

४) कामाची वाटणी आणि माणसांची उतरंड यांतील फरक आपल्या गावातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

॥ भवतु सब्ब मंगलं ॥